लाल मिलो, पिवळा मका

बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी मिलो खाल्लाय, त्यांच्यासमोर नुसतं त्याचं नाव काढून बघा. पंचाहत्तरीतला माणूससुद्धा तोंड वाकडं करतो. अमेरिकेतून बोटीनं आलेली ती तांबडी ज्वारी रेशनवर मिळायची. दळून देताना गिरणीवाला कुरकुरायचा आणि भाकरी थापायला घेतली की कडेनं चिरा पडायच्या. माझं आजोळ साताऱ्याच्या माण तालुक्यातलं, म्हणजे दुष्काळ आमच्याकडे पाहुणा नव्हे, घरचाच. त्या वर्षी राज्यभर पन्नासेक लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आमचे मामा त्यांतल्याच एका तलावाच्या कामावर हजेरी घ्यायचे, मामी खडी फोडायची. कामावर मिळालेली सुकडी मामी पदरात बांधून आणी आणि आम्ही पोरं ती तशीच कोरडी बुकायचो. सुकडी आम्हाला आवडायची, खोटं कशाला बोला. मिलोचं तसं नव्हतं. आजी एक घास मोडायची, चावायची, पाण्याचा घोट घ्यायची आणि म्हणायची, "प्वाट भरतंय रं, पर जेवल्यावानी न्हाई वाटत."

आजीला इसवी सनाशी देणंघेणं नव्हतं. तिचं पंचांग निराळं. थोरली लेक कधीची, तर दोन साली पाऊस नव्हता तेव्हाची. मधला मामा कधीचा, तर जोंधळा रेशनवर आला तेव्हाचा. आणि स्वतः ती? "मानमोडीच्या साली म्या पाच-सा वर्साची आसंन." मानमोडी म्हणजे १९१८चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये तो मुंबईत उतरला, तेव्हा लोकांना साधा ताप वाटला. भादव्या-आश्विनात परत आला तो घरंच्या घरं आडवी करत. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली. त्यात पाऊसही दगा देऊन गेलेला, खरीप जळालेलं, महायुद्धापायी धान्याचे भाव चढलेले. म्हणजे ज्याला ताप नाही त्याला भूक, आणि बऱ्याच घरांत दोन्ही. ताप उतरल्यावर अंगात उठायचं त्राण नसे आणि उठून चूल पेटवायची तर डब्यात पीठ नसे. आजी म्हणायची, मानमोडीनं जेवढी मेली तेवढीच मागून पेज न मिळाल्यानं मेली. हा हिशेब कुठल्या कागदावर नाही, आजीच्या तोंडचाच आहे.

तिचा थोरला भाऊ तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा, तालमीतला. गावच्या तालमीत पाच-सात पोरं धडधाकट राहिली होती. वस्ताद आजारी, आखाडा बंद, करायला उद्योग नाही. या पोरांनी हुलग्याचं माडगं करायला घेतलं. हुलगे कुणाच्या पेवातले, यावर आमच्या घरात तीन मतं आहेत. आई म्हणायची, सावकाराच्या. मामा म्हणतात, आपल्याच. मावशीचं म्हणणं असं, की ते हुलगे नव्हतेच, जोंधळ्याच्या कण्या घातलेली पातळ पेज होती आणि हुलगे हे मामानं मागून घुसडलं. ते काहीही असो. पोरं कळशीत ते कढण घेऊन तिन्हीसांजेला गावातनं फिरत. आधी एक जण देवळाच्या माळवदावर चढून बघायचा, कुठल्या धाब्यातून धूर निघत नाही ते. तेवढी घरं धरायची. दारात उभं राहून हाक द्यायची, भांडं उंबऱ्याच्या आत सरकवलं की ओतायचं आणि पुढं.

एक बाई होती म्हणे, विधवा, मोठ्या घरची. ती काही भांडं सरकवीना. पोरं हाका मारून थकली. मग आजीच्या भावानं युक्ती काढली. तिच्या अंगणात तुळशीपाशी गाडगं ठेवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "काकी, हितं निवद ठिवलाय, कुत्र्यानं त्वांड घालायच्या आत उचला." देवाचा नैवेद्य घ्यायला कसली लाज? सकाळी गाडगं रिकामं, घासलेलं, पालथं घातलेलं असे. ही गोष्ट सांगताना आजी दर वेळी "घासल्यालं" या शब्दावर जरा थांबायची.

ही गोष्ट जशीच्या तशी समुद्र ओलांडून गेली, ती मावशीबरोबर. मावशी १९५७ साली लग्न होऊन नैरोबीला गेली. आमचे काका तिकडे रेल्वेत कारकून होते. मुंबईहून 'करंजा' बोटीनं आठ-दहा दिवसांत मोंबासा. त्या नावामुळं आजीला वाटायचं, बोट आपल्याच कुणाची असणार. मावशीनं ट्रंकेत काय नेलं, तर काळा मसाला, हुलग्याचं पीठ आणि लोखंडी तवा. तवा अजून आहे, मसाला ती आता तिकडेच करते. साठीच्या दशकात कितीतरी भारतीय मंडळी तिथून बिऱ्हाड आवरून विलायतेला गेली. काका म्हणाले, एकदा बिऱ्हाड हलवलं तेवढं पुरे.

काका असताना आम्हाला पत्रांतून गोष्टी यायच्या. त्यांतली माझी आवडती रिबेरो डॉक्टरांची. रोझेंडो रिबेरो हे गोव्याचे. १९००च्या सुमारास, म्हणजे रेल्वे येऊन नैरोबी नुकतं वसत होतं तेव्हा ते तिथं गेले आणि पाळलेल्या झेब्र्यावर बसून रोगी बघायला निघायचे. झेब्र्यावर! आम्ही पोरं तेवढंच ऐकायचो आणि लोळायचो. काकांना पुढचं सांगायचं असायचं, की १९०२ साली तिथल्या इंडियन बझारात प्लेग आला तो याच डॉक्टरांनी ओळखला आणि सरकारनं काय केलं, तर सगळा बाजारच जाळून टाकला. आपल्या मुंबई-पुण्यातला प्लेग जेमतेम पाच-सहा वर्षांपूर्वीचा. घरं मोकळी करणं, सामान जाळणं हे आमच्या पणजीच्या पिढीनं इथं पाहिलेलं. काकांनी त्या पत्रात बाकी काही न लिहिता एकच ओळ अधोरेखित केली होती, "तेव्हा जळालेल्या दुकानदारांना कुणी जेवू घातले?" उत्तर त्यांनीही दिलं नव्हतं.

मानमोडीही तिकडे गेली होती, आणि गेली ती आपल्याकडून. मुंबईहून निघालेल्या बोटींबरोबर ती मोंबासाला उतरली आणि रेल्वेच्या रुळांवरून आत शिरली, असं इतिहासकार मानतात. तिथंही तेव्हा पाऊस रुसलेला आणि इंग्रजांच्या युद्धात ओझी वाहायला नेलेली माणसं हाडांचे सापळे होऊन परतलेली. मावशीला यातलं काही पुस्तकातून कळलेलं नाही. तिला कळलं ते घरकामाला येणाऱ्या बाईकडून.

ही बाई कांबा जमातीची, माकुएनीकडची. नैरोबीहून मोंबासाच्या रस्त्याला लागलं की मचाकोस मागं पडतं आणि माकुएनीचा कोरडा मुलूख लागतो. तांबडी माती, बाभळी, कोरड्या नद्या. मावशी पहिल्यांदा तिकडून गेली तेव्हा काकांना म्हणाली, "एवढं पाणी ओलांडून आणलंत ते आपल्या म्हसवडलाच का?" त्याच रस्त्यावर माकिंडूला रेल्वेच्या शीख कामगारांनी बांधलेला जुना गुरुद्वारा आहे, १९२६चा. येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही तिथं लंगरात जेवायला मिळतं. मावशी प्रत्येक खेपेला तिथं थांबायचीच. पिकंही ओळखीची. मूग, चवळी, तूर. तिकडची तूर आपल्या देशात येते, हे किती जणांना ठाऊक असेल? आपल्या आमटीत माकुएनीचं एखादं शेत सहज शिजत असेल.

तर त्या बाईच्या आजीचंही पंचांग आमच्या आजीसारखंच होतं. कांबा लोक दुष्काळांना नावं देतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, रेल्वे टाकत होते तेव्हाचा न्गोमानिस्ये. दुष्काळ, देवी, गुरांचा रोग, सगळं एकदम. मग १९६१चा न्देके, म्हणजे विमानाचा, कारण मक्याची पोती विमानातून टाकली होती. आणि १९८४चा, ज्याचं नाव आहे 'हातात पैसे धरून मरतोय'. खिशात नोटा, पण बाजारात विकत घ्यायला दाणा नाही. मावशी आणि ती बाई ओट्याशी मूग निवडत बसायच्या आणि एकमेकींना दुष्काळ सांगायच्या, तोडक्यामोडक्या स्वाहिलीत. मिलोची गोष्ट ऐकून ती बाई खो खो हसली होती म्हणे. त्यांच्याकडे पांढरा मका खातात. परदेशातून मदत म्हणून यायचा तो पिवळा. पिवळ्या मक्याच्या उगालीला, म्हणजे पिठाच्या घट्ट उकडीला, त्यांची माणसं अशीच तोंड वाकडं करून बसायची. कोंबड्यांचं खाणं आम्हाला कशाला, म्हणायची.

आता २०२०. १३ मार्चला केनियात कोरोनाचा पहिला रुग्ण जाहीर झाला, दोन-तीन दिवसांत शाळा-कॉलेजं बंद. महिनाअखेरीला संचारबंदी, संध्याकाळी सातपासून पहाटे पाचपर्यंत. ६ एप्रिलला नैरोबीच्या सीमा बंद झाल्या, त्या थेट जुलैत उघडल्या. त्याआधी जानेवारीत त्या भागावरून टोळधाड गेली होती, केनियात सत्तर वर्षांत झाली नव्हती एवढी मोठी. तरी त्या वर्षी माकुएनीत दाण्याची तशी ओरड नव्हती. ओरड होती पैशाची. त्या गावांची चूल पेटते नैरोबीतल्या मोलकरणी, वॉचमन, गवंडी, हॉटेलातले वेटर यांनी मोबाइलवरून धाडलेल्या पैशांवर. एम-पेसा म्हणतात त्या सोयीला, २००७पासून आहे. नैरोबीतलं काम एका रात्रीत थांबलं आणि गावाकडच्या मोबाइलची टिंगटिंग बंद झाली. मावशीची ती बाई तेव्हा गावीच राहत होती, सत्तरी ओलांडलेली. फोनवर मावशीला म्हणाली, "चौऱ्याऐंशीत हातात पैसे धरून मरत होतो, आता दुकानातली पोती बघत मरू."

मावशीचा नातू आणि त्या बाईची नात, दोघं तेव्हा नैरोबीत कॉलेजला, वेगवेगळ्या. बाईच्या नातीची शाळेची फी मावशीनं भरली होती, त्यामुळं घरोबा होता. कॉलेज बंद झाल्याबरोबर ती मुलगी शेवटची बस धरून गावी गेली आणि तिथं अडकली. नातू नैरोबीत अडकला. गावातल्या घरांना दाणागोटा पोचवायचं दोघांनी मनावर घेतलं, मित्रमैत्रिणी जमवल्या आणि कामाची वाटणी अशी परस्पर झाली, की शहरातल्यांनी पैसे उभे करायचे आणि गावातल्यांनी घरं धरायची. पोरंपोरी मिळून पंचवीस-तीस असतील, कांबा, किकुयू, दोन-तीन गुजराती आणि हा एक आमचा देशस्थ.

पहिली यादी नातवानं केली. पास्ता, नूडल्स, पाव, बिस्किटं. मावशीनं ती यादी वाचायला लावली आणि चष्मा काढून ठेवला. ही खूण आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. "जेवायला घालताय का पार्टीला बोलावताय?" दुसरी यादी आली ती पिवळ्या मक्याच्या पिठाची, कारण ते कुणा व्यापाऱ्याकडे स्वस्तात होतं आणि तेवढ्याच पैशांत घरं जास्त बसत होती. त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मी होतो. मावशी, तिकडे गावात ती बाई आणि मधे दोन्ही नातवंडं. दोन्ही म्हाताऱ्या एकाच वेळी बोलायला लागल्या. एक मिलोचं सांगतेय, एक विमानातून पडलेल्या पोत्यांचं. नातू म्हणाला, "आजी, उपाशी माणूस रंग बघतो का?" मावशी म्हणाली, "बघतो. तू उपाशी राहिला नाहीस म्हणून तुला माहीत नाही."

मला त्या दिवशी वाटलं, आणि अजून वाटतं, की मदत करणाऱ्यांना सगळ्यात उशिरा जर काही कळत असेल तर ते हे. माणूस भुकेला झाला म्हणून त्याची जीभ जात नाही, आणि जीभ गेलीच तर मान जात नाही. आकड्यांच्या हिशेबात पिवळा मका बरोबर होता. सरकारांचे हिशेब असेच बरोबर असतात.

शेवटी ठरलं ते असं. पांढरा मका, सोललेला आणि अख्खा. मूग, चवळी, तेल, मीठ, साबण. सोललेला कशाला, तर त्यांच्यात 'मुथोकोई' करतात. मका ओलसर करून उखळात कांडायचा, साल काढायची आणि चवळी-मुगाबरोबर तासन् तास शिजवायचा. म्हाताऱ्यांना कांडण होत नाही, म्हणून त्यांना सोललेला. हा बारकावा त्या मुलीच्या आजीचा.

वाटायचं कसं, हा पुढचा घोळ. १० एप्रिलला नैरोबीत किबेरा वस्तीत पीठ-तेलाच्या वाटपात चेंगराचेंगरी झाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, माणसं जखमी झाली. रांग नको, हे पोरांनी त्याच रात्री ठरवलं. मग गावातल्याच दुकानदाराकडे पैसे पाठवायचे, घरटी एक चिठ्ठी द्यायची आणि ज्याला जमेल त्यानं जमेल तेव्हा दुकानात जाऊन सामान उचलायचं. जे म्हातारे, आजारी, त्यांना बोडाबोडावाले, म्हणजे मोटारसायकलवरून भाडं मारणारी पोरं, घरपोच देणार. त्यांचाही धंदा बसलेलाच होता. यात गावचा दुकानदार जगला, हेही झालं. ट्रकभर धान्य बाहेरून आणून वाटलं असतं तर तो बुडाला असता.

पैसे मात्र सहज उभे राहिले नाहीत. त्या दिवसांत मोबाइलवरून हजार शिलिंगांच्या आत पाठवलं तर शुल्क माफ होतं. मावशीनं आपल्या भिशीतल्या बायकांना कामाला लावलं. एकेक बाई आज नऊशे, उद्या नऊशे असे पाठवायची, शुल्काचा एक शिलिंग कंपनीला मिळता कामा नये म्हणून. मराठी बायकांचा काटकसरी स्वभाव अशा वेळी कसा उपयोगी पडतो बघा. इकडून आम्हीही थोडं पाठवलं. पुण्यात तेव्हा आमच्याच गल्लीत मजुरांना पोळीभाजीचे डबे चालू होते, त्यामुळं फार जमलं नाही.

आणि घरं कुणी धरली? त्या मुलीनं पहिल्यांदा गावच्या चीफकडची यादी घेतली, ती घेऊन आजीपुढं बसली. तिकडे बायकांचे 'म्वेथ्या' गट असतात. आपल्याकडे इर्जिक घालायचे, तशा त्या एकमेकींच्या शेतात राबतात, बांध घालतात. त्या गटातल्या बायकांनी यादीतली काही नावं खोडली आणि काही घातली. घातलेल्यांत एक निवृत्त मास्तर होते. पेन्शन आहे, पत्र्याचं चांगलं घर आहे, म्हणून यादीत नव्हते. बायका म्हणाल्या, त्यांच्याकडे नैरोबीहून परत आलेली तीन लेकरं आणि त्यांची पोरं आहेत, अकरा तोंडं, आणि मास्तर चिठ्ठी घ्यायला मेले तरी येणार नाहीत. मुलीनं नातवाला विचारलं, नातवानं आजीला. मावशीनं त्याला तुळशीपाशी ठेवलेल्या गाडग्याची गोष्ट सांगितली. त्यानं ती आधी ऐकलेली होतीच, पण तेव्हा जेवताना ऐकली होती.

मास्तरांकडे पोरांनी काय नेलं, तर हात धुवायचं यंत्र. यंत्र म्हणजे पाच लिटरचा पिवळा तेलाचा कॅन. दोन मेढी रोवून आडव्या काठीला टांगलेला, कॅनच्या मानेला दोरी, दोरी खाली पायाशी एका काटकीला बांधलेली. काटकी पायानं दाबली की कॅन वाकतो आणि बारीक धार पडते. नळाला हात लावायला नको. बाजूला साबण, भोक पाडून दोरीला ओवलेला. तो कावळ्यांनी पळवू नये म्हणून त्यावर अर्धा डबा पालथा. हे यंत्र गावातल्या पोरांना बांधायला शिकवा, अशी मास्तरांना विनंती केली आणि "शिकवण्याचं मानधन" म्हणून मका, मूग, तेल. मास्तरांनी ते पावती लिहून घेतलं. पावतीचा फोटो नातवानं मला पाठवला होता. अक्षर असं, की आमच्या गावच्या तलाठ्यानं बघून लाजावं.

ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत हे चाललं, गावंही दोनाची पाच-सहा झाली. मग नैरोबीतली कामं थोडी सुरू झाली आणि पोरांची कॉलेजं ऑनलाइन. भांडणंही झाली. एकानं हिशेब दिला नाही, तो गटातून गेला. कुठल्याही मंडळात होतं तेच. त्या हिवाळ्याचा पाऊस फसला आणि तो धरून सलग पाच हंगाम फसत गेले, त्याची गोष्ट वेगळी आणि ती पंचवीस-तीस पोरांच्या आवाक्यातली नव्हती. तरी मुगाला थोडं पाणी पुरतं. फेब्रुवारीत माकुएनीहून मावशीकडे एक पिशवी आली, बसच्या ड्रायव्हरबरोबर. पाच-सहा किलो मूग. मावशीनं फोन करून मला सांगितलं ते असं, "खडे फार आहेत. निवडायला चार दिवस लागले." आवाजावरून स्वारी खुशीत होती.

मे २०२१मध्ये आपल्याकडे दुसऱ्या लाटेनं थैमान घातलं होतं, तेव्हा केनियानं भारताला बारा टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे धाडले. त्यांचे उच्चायुक्त दिल्लीहून मुंबईला आले आणि त्यांनी ते रेडक्रॉसच्या हवाली केले, महाराष्ट्रात वाटायला. आपल्यातल्या काही शहाण्यांनी त्यावरही विनोद केले. केनियाकडून शेंगदाणे घ्यायची वेळ आली, वगैरे. एक तसला विनोद आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप गटावर आला, कुणी टाकला ते सांगत नाही. मावशीला टाइप करायला वेळ लागतो. अर्ध्या तासानं तिचा मजकूर उगवला. "अमेरिकेचा मिलो खाल्लात तेव्हा कुणी हसलं होतं का?"

संध्याकाळी तिचा फोन आला. मला वाटलं आता माझी हजेरी. तिला निराळंच विचारायचं होतं.

"तिकडचे दाणे मिळाले का रे तुम्हाला?"

म्हटलं, मावशी, ते आम्हाला नाहीत. दवाखान्यांत राबणाऱ्या माणसांना आहेत.

"मग त्यांना कळव कुणाला तरी. ते दाणे तेलकट असतात. मंद भाजायचे आणि कूट भरड ठेवायचं, मिक्सरला जास्त फिरवलं तर लगदा होतो."